शोध लागतो तो साठवताना

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. वस्तू हाताशीच असते. पण ती नेमकी कुठे ठेवली हे ठाऊक नसले की सारा गाव पालथा घालावा लागतो. माहितीचेही तसेच आहे. ती साठवलेली असणे ही एक गोष्ट आणि हवी तेव्हा ती सापडणे ही दुसरी. साठवलेली पण न सापडणारी माहिती आणि हरवलेली माहिती यांत फारसा फरक नाही.

लाखो लेखांतून, नोंदींतून किंवा पावत्यांतून आपल्याला हवे ते क्षणात काढून देणाऱ्या संगणक-यंत्रणेला शोधयंत्र म्हणतात. हे काम जेव्हा एका संगणकाऐवजी अनेक संगणक वाटून घेतात, तेव्हा ते वितरित शोधयंत्र झाले. अशी यंत्रणा चालते कशी आणि तिची निगा कशी राखतात, ते या लेखात पाहू. त्यासाठी महागडे संगणक लागणार नाहीत. चार कार्डे आणि थोडा भागाकार पुरेसा आहे.

सावनेरची चार कार्डे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेर लागते. समजा, तेथील एका शाळेने आपल्या परिसराची माहिती कार्डांवर लिहायला घेतली. पहिली चार कार्डे अशी :

कार्ड १ : राम गणेश गडकरी यांचे सावनेर येथे १९१९ साली निधन झाले.
कार्ड २ : सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे.
कार्ड ३ : गडकरी गोविंदाग्रज या नावाने कविता लिहीत.
कार्ड ४ : सावनेरजवळ कोळशाच्या खाणी आहेत.

कार्डे चारच आहेत तोवर एकेक वाचून हवे ते काढता येईल. पण ती एक लाख झाली तर? एक कार्ड वाचायला पाच सेकंद धरली, तरी पाच लाख सेकंद लागतील. म्हणजे अहोरात्र वाचत बसलो तरी जवळजवळ पावणेसहा दिवस! संगणक आपल्यापेक्षा पुष्कळ वेगाने वाचतो हे खरे. पण दर प्रश्नाला सारे पुन्हा पहिल्यापासून वाचणे त्यालाही परवडत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. कार्ड सांगते, ‘माझ्यात हे हे शब्द आहेत.’ सूची उलटे सांगते, ‘हा शब्द अमुक अमुक कार्डांत आहे.’ म्हणूनच तिला उलटी सूची म्हणतात. आपल्या कार्डांच्या सूचीचा काही भाग असा होईल :

कोळशाच्या – ४
खाणी – ४
गडकरी – १, ३
गोविंदाग्रज – ३
नागपूर – २
सावनेर – १, २
सावनेरजवळ – ४

आता ‘सावनेर गडकरी’ असे विचारले, तर एका ओळीत १, २ आणि दुसऱ्या ओळीत १, ३ हे आकडे मिळतात. दोन्हींत सामाईक आकडा १. कार्ड न वाचता उत्तर मिळाले! तुम्ही गणितात संचांचा छेद शिकला आहात. शोधयंत्र तोच छेद काढत असते.

शिवाय सूची अकारविल्हे लावलेली असल्यामुळे तिच्यातला शब्दही चटकन सापडतो. मधोमध उघडायचे, शब्द अलीकडे आहे की पलीकडे ते पाहायचे आणि अर्धी सूची सोडून द्यायची. दर वेळी निम्मी करत गेल्यास एक लाख शब्दांच्या सूचीत सतरा पायऱ्यांत शब्द गाठता येतो, कारण २ चा सतरावा घात १,३१,०७२ आहे.

अशी सूची बांधणारी ‘ल्युसीन’ ही आज्ञावली डग कटिंग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९९ मध्ये लिहिली. तिच्या आधारे शाय बॅनन याने २०१० मध्ये ‘इलॅस्टिकसर्च’ हे वितरित शोधयंत्र प्रसिद्ध केले. पत्नी पाककला शिकत होती, तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून बॅनन या विषयाकडे वळला होता. पुढे याच यंत्रणेचा आधार घेऊन विकिपीडियाचा शोध उभारला गेला आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही त्याचा लाभ झाला. २०२१ मध्ये परवान्याच्या वादातून इलॅस्टिकसर्चला ‘ओपनसर्च’ ही शाखा फुटली. दोन्हींचा गाभा सारखाच आहे आणि पुढील विवेचन दोन्हींना लागू पडते.

कोणते कार्ड वर?

शंभर कार्डे सापडली, तर त्यांतले वर कोणते ठेवायचे? ‘आहे’ हा शब्द बहुतेक कार्डांत असतो, त्यामुळे तो कार्डाबद्दल फारसे काही सांगत नाही. ‘गोविंदाग्रज’ मात्र क्वचित आढळतो. तो आढळला की कार्ड कामाचे असण्याचा संभव मोठा. शब्द जितका दुर्मीळ तितके त्याचे वजन जास्त, हा नियम केरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ मध्ये मांडला.

हे वजन लॉगॅरिथमने काढतात. एकूण कार्डे १००० धरा. एखादा शब्द हजारही कार्डांत असेल, तर भागाकार १ आणि त्याचा लॉगॅरिथम ०. म्हणजे वजन शून्य. शब्द १० कार्डांत असेल, तर भागाकार १०० आणि वजन २. एकाच कार्डात असेल, तर वजन ३. प्रत्यक्ष सूत्र यापेक्षा थोडे गुंतागुंतीचे असते. तोच शब्द एका कार्डात दहा वेळा आला म्हणून दहापट गुण मिळत नाहीत आणि लांबलचक कार्डापेक्षा आटोपशीर कार्डाला झुकते माप मिळते. पण गाभा हाच.

मराठीची गाठ

आता आपल्या सूचीकडे पुन्हा एकदा नीट पाहा. ‘सावनेर’ विचारले तर १ आणि २ ही कार्डे मिळतात. कार्ड ४ सुद्धा सावनेरविषयीच आहे, मग ते का मिळाले नाही? कारण तेथे शब्द ‘सावनेरजवळ’ असा आहे. आपण माणसे तो पाहताच ओळखतो. पण यंत्र अक्षरे जुळवते आणि त्याच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत.

इंग्रजीत ‘जवळ’ या अर्थाचा शब्द सुटा लिहितात. मराठीत तो नामाला चिकटतो. सावनेरला, सावनेरचा, सावनेरहून, सावनेरमध्ये, सावनेरपर्यंत अशी एकाच नावाची कितीतरी रूपे होतात. मग शेवटचे प्रत्यय कापून टाकले तर? ‘सावनेरजवळ’चे काम भागेल. पण ‘कोळशाच्या’मधून ‘च्या’ कापले की उरते ‘कोळशा’. शोधणारा तर ‘कोळसा’ लिहितो. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकताना ‘हे कशाला?’ असे वाटते ना? तेच सामान्यरूप येथे यंत्राची वाट अडवून उभे राहते. पाऊस–पावसाने, पाणी–पाण्यात, घोडा–घोड्याला ही सारी त्याचीच भावंडे.

आणि सरसकट कात्री चालवली तर? ‘नागपूरला’मधला ‘ला’ कापणे ठीक. पण ‘कला’मधला ‘ला’ कापला तर नुसता ‘क’ उरेल. ‘ने’ कापताना ‘सोने’ या शब्दाचे ‘सो’ होईल. म्हणजे कात्री हवी, पण ती कुठे थांबवायची याचे नियमही हवेत.

काही अडचणी तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ्’ संगणकात दोन प्रकारे नोंदवता येतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे वाटतात. एकाने वर्ष देवनागरी अंकांत लिहिले आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत, तर तेही जुळत नाही. ‘गोविंदाग्रज’ म्हणजेच गडकरी, हे यंत्राला समानार्थी शब्दांची यादी दिल्यावाचून कळणार नाही.

हे सारे संस्कार शब्दांवर केव्हा करायचे? सूची बांधताना. या टप्प्याला विश्लेषण म्हणतात. मूळ कार्डाला हात लागत नाही. सूचीत जाणारा शब्द तेवढा घासूनपुसून एका रूपात आणला जातो. पुढे कोणी प्रश्न विचारला की प्रश्नातल्या शब्दांवरही तेच संस्कार होतात आणि मग दोन्हींची गाठ पडते. सूची बांधताना जो विचार केला नाही, तो शोधताना बहुधा भरून काढता येत नाही. विश्लेषणाचे नियम बदलले, तर जुनी सूची टाकून नवी बांधावी लागते.

इलॅस्टिकसर्चबरोबर तीसहून अधिक भाषांची तयार विश्लेषणे मिळतात. त्यांत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. मराठीत काम झालेलेच नाही असे मात्र नव्हे. भारतीय भाषांतील शोधाच्या कसोट्या घेण्यासाठी ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्यात हिंदी-बंगालीबरोबर मराठी वृत्तपत्रांतील मजकुराचाही संग्रह अभ्यासकांना मिळाला. स्वित्झर्लंडमधील डोलामिक व सावोय या संशोधकांनी या तीन भाषांतील शोधपद्धतींचा तौलनिक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे ‘वर्डनेट’ तयार झाले. पण हे ज्ञान रोजच्या वापरातल्या यंत्रात बसवायचे, तर मराठीचे व्याकरण आणि संगणक या दोहोंत रस असलेली माणसे हवीत. ती तुमच्यातूनच यायची आहेत.

ओझे वाटून घेताना

कार्डे कोट्यवधी झाली की एक संगणक पुरत नाही. मग सूचीचे तुकडे करतात. अशा तुकड्याला ‘शार्ड’, तो सांभाळणाऱ्या प्रत्येक संगणकाला ‘नोड’ आणि सगळ्या नोडांच्या समूहाला ‘क्लस्टर’ म्हणतात. प्रश्न आला की तो प्रत्येक तुकड्याकडे जातो. प्रत्येक तुकडा आपापले उत्तर काढतो आणि एक नोड ती उत्तरे एकत्र करून क्रम लावतो. पाच जणांनी पाच गठ्ठे एकाच वेळी तपासावेत तसे हे आहे.

पण कोणते कार्ड कोणत्या तुकड्यात ठेवायचे? येथे प्राथमिक शाळेतला भागाकार कामी येतो. कार्डाच्या ओळखखुणेपासून एक संख्या तयार करतात, तिला तुकड्यांच्या संख्येने भागतात आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या तुकड्यात कार्ड ठेवतात. तुकडे तीन असतील, तर बाकी ०, १ किंवा २ येणार. संख्या ७ असलेले कार्ड तुकडा १ मध्ये आणि ८ चे तुकडा २ मध्ये जाईल. पुढे ते कार्ड हवे असले की पुन्हा तोच भागाकार करायचा; वेगळी नोंद ठेवावी लागत नाही.

युक्ती छान आहे, पण तिच्यात एक मेख आहे. कार्डे वाढली म्हणून तीनाचे चार तुकडे केले तर काय होईल? १ ते १२ या संख्यांना आधी ३ ने आणि मग ४ ने भागून पाहा. दोन्ही वेळा सारखीच बाकी फक्त १, २ आणि १२ या संख्यांची येते. उरलेल्या नऊ कार्डांचे घर बदलते! म्हणून तुकड्यांची संख्या सूची बांधायला घेतानाच विचारपूर्वक ठरवतात. पुढे ती बदलायची झाल्यास त्यासाठी खास वेगळी प्रक्रिया करावी लागते किंवा सूची नव्याने बांधावी लागते. फार थोडे तुकडे केले तर एकेक अवजड होतो. उगाच शेकडो केले तर त्यांची देखभाल करण्यातच यंत्राची शक्ती जाते.

एक नोड बंद पडला तर?

यंत्र म्हटले की ते कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून प्रत्येक तुकड्याची निदान एक प्रत दुसऱ्या नोडवर ठेवतात. तीन नोड असे भरा :

पहिला नोड : तुकडा ०, तुकडा १ ची प्रत
दुसरा नोड : तुकडा १, तुकडा २ ची प्रत
तिसरा नोड : तुकडा २, तुकडा ० ची प्रत

यांतला कोणताही एक नोड झाकून पाहा. उरलेल्या दोघांत मिळून तिन्ही तुकडे सापडतात. मूळ तुकडा आणि त्याची प्रत एकाच नोडवर कधीही ठेवत नाहीत. घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवून काय उपयोग?

क्लस्टरची प्रकृती तीन रंगांनी दाखवतात. मूळ तुकडे व प्रती साऱ्या जागेवर असतील, तर हिरवा. मूळ तुकडे शाबूत पण एखादी प्रत गैरहजर असेल, तर पिवळा. एखादा मूळ तुकडाच हाती नसेल, तर तांबडा. वरच्या रचनेत दुसरा नोड पडला की पहिल्या नोडवरची तुकडा १ ची प्रत बढती मिळून मूळ होते आणि रंग पिवळा होतो. इलॅस्टिकसर्च साधारण एक मिनिट वाट पाहते. नोड परतला नाही, तर उरलेल्या नोडांवर नव्या प्रती बनवू लागते. त्या पुऱ्या झाल्या की पुन्हा हिरवा.

या साऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी नोड आपल्यातून एक प्रमुख निवडतात. आता समजा, दोन नोड नागपुरात आणि एक सावनेरात आहे आणि मधली तार तुटली. सावनेरच्या नोडला वाटेल, ‘बाकीचे दोघे संपले, आता मीच प्रमुख.’ नागपुरात तर दुसरा प्रमुख आहेच. दोघेही वेगवेगळे बदल लिहू लागले, तर एकाच सूचीच्या दोन परस्परविरोधी सूची होतील. हे टाळण्यासाठी नियम असा की, निम्म्याहून अधिक मते असल्याशिवाय प्रमुख होता येत नाही. सावनेरच्या नोडकडे तिनांपैकी एकच मत. त्याने प्रमुख व्हायचे नाही. नागपूरकडे दोन, तेथील काम चालू राहते. म्हणूनच प्रमुख निवडणारे नोड निदान तीन ठेवतात. दोनच ठेवले, तर एक पडताच बहुमत संपते.

मोजदाद करताना

शोधाबरोबरच ही यंत्रणा मोजदादही करते : किती नोंदी, सरासरी किती, सर्वांत जास्त काय. वाटून केलेल्या कामात येथे एक फसवी जागा आहे. समजा, बाजारात आलेल्या मालाच्या पावत्या तीन तुकड्यांत विभागल्या आहेत (आकडे कल्पित आहेत) :

तुकडा ० : संत्री ५, कापूस ४
तुकडा १ : मोसंबी ५, कापूस ४
तुकडा २ : तूर ५, कापूस ४

‘सर्वांत जास्त पावत्या कशाच्या?’ असे विचारले आणि प्रत्येक तुकड्याने फक्त आपला पहिला क्रमांक कळवला, तर संत्री, मोसंबी आणि तूर प्रत्येकी ५ असे उत्तर येईल. कापूस कोठेच दिसणार नाही. वास्तविक कापसाच्या पावत्या १२ आहेत! म्हणून इलॅस्टिकसर्च प्रत्येक तुकड्याकडून मागणीपेक्षा जास्त नावे मागवते : मागणीच्या दीडपट अधिक दहा. त्यामुळे चुकीचा संभव कमी होतो. पण नावे हजारोंनी असली तर तो पूर्णपणे जात नाही. असे उत्तर वाचताना हे ध्यानात ठेवावे.

सरासरीचेही तसेच. एका तुकड्यात २ पावत्यांची सरासरी १० आणि दुसऱ्यात ८ पावत्यांची २० असेल, तर एकूण सरासरी १५ नव्हे. बेरीज २० + १६० = १८० आणि पावत्या १०; म्हणून सरासरी १८. तुकड्यांनी सरासरी न कळवता बेरीज आणि संख्या कळवायला हवी.

निगा

अशा यंत्रणेची निगा राखणाऱ्याला रोज तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, जागा. नेहमीच्या मांडणीत एखाद्या नोडची साठवणूक ८५ टक्के भरली की त्यावर नवे तुकडे ठेवणे थांबते. ९० टक्क्यांना असलेले तुकडे दुसरीकडे हलवले जाऊ लागतात. ९५ टक्क्यांना त्या नोडवरील सूचींत लिहिणेच बंद होते. तेव्हा जागे होण्यापेक्षा आधीच सावध झालेले बरे.

दुसरी, जतन. प्रत म्हणजे जतन नव्हे. चुकून कार्ड पुसले तर ते प्रतींतूनही लगेच पुसले जाते. म्हणून ठरावीक वेळाने साऱ्या सूचीचे ‘स्नॅपशॉट’ घेऊन ते दुसऱ्याच ठिकाणी ठेवतात.

तिसरी, कुलूप. २०१७ च्या जानेवारीत जगभरातील हजारो इलॅस्टिकसर्च क्लस्टर परवलीच्या शब्दाविना इंटरनेटवर उघडे होते. चोरट्यांनी त्यांतील माहिती पुसून खंडणी मागितली. २०२२ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून हे कुलूप सुरुवातीलाच लावलेले मिळते. तरी किल्ली कोणाकडे द्यायची, हे माणसालाच ठरवावे लागते.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी तीस विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाविषयी एकेक वाक्य कार्डावर लिहून घ्यावे. कार्डांना १ ते ३० क्रमांक द्यावेत. ३ ने भागून येणाऱ्या बाकीप्रमाणे त्यांचे तीन गठ्ठे करावेत आणि प्रत्येक गठ्ठा एका गटाला द्यावा. गटाने आपली उलटी सूची अकारविल्हे तयार करावी. मग गावाचे नाव विचारावे. कोणती कार्डे निसटली आणि कोणत्या प्रत्ययामुळे निसटली, ते फळ्यावर लिहावे. ही यादी म्हणजेच मराठी विश्लेषणाच्या नियमांचा पहिला मसुदा होईल.

प्रश्न

१. ‘ला’, ‘ने’, ‘चा’ आणि ‘हून’ यांनी शेवट होणारे, पण ज्यांत तो प्रत्यय नाही, असे प्रत्येकी दोन शब्द शोधा.

२. तुकडे ५ वरून ६ केले, तर १ ते ३० या संख्यांपैकी किती कार्डे आपल्या जागी राहतील?

३. पाच नोडांपैकी जास्तीत जास्त किती बंद पडले तरी प्रमुख निवडता येईल?

४. ‘खाण’ असे शोधल्यावर कार्ड ४ सापडावे, यासाठी सूची बांधताना कोणता नियम लावाल? तोच नियम कोणत्या शब्दाचा घात करील?